हँडल ते सेल्फ

मोटार सुरू करणे हे एके काळी मनगटाचे काम होते. पुढच्या जाळीखाली लोखंडी हँडल खुपसून ते फिरवीत असता इंजिनाने उलट झटका दिला, तर हाड मोडण्याचा धोका असल्यामुळे जाणता ड्रायव्हर अंगठा दांड्याभोवती न आवळता बोटांच्याच बाजूला ठेवी. पुढे अमेरिकेत चार्ल्स केटरिंग याने सिद्ध केलेला विजेचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक मोटारींत बसला, आणि गास्तों प्लांते याने १८५९ साली निर्माण केलेल्या शिसे-आम्लाच्या बॅटरीकडे इंजिनाला जागे करण्याची मुखत्यारी आली.

मुखत्यारी आली तसा आळही आला. सेल्फ लागेना की बॅटरी बदलावी, असा रिवाजच पडला; मात्र नवी कोरी बॅटरी बसवूनही गाडी मुकीच राहिली, म्हणजे मालकाचा चेहरा पाहण्यासारखा होतो. अशा वेळी जुना मिस्त्री प्रथम हेडलाइटची जबानी घेई. दिवे लावून सेल्फ मारल्यावर ते अगदीच मंदावले, तर वीज जोडात अडते आहे किंवा स्टार्टर जाम झाला आहे. मुळीच मंदावले नाहीत, तर ती स्टार्टरपर्यंत पोचतच नाही, मग सॉलिनॉइडकडे वळावे. बहुधा गुन्हेगार टर्मिनलच निघे. बॅटरीचा धन खुंट ऋण खुंटापेक्षा किंचित जाड असतो. जुनी, ताणलेली पकड नव्या खुंटावर बसलेली दिसते, पण हाताने पिळली की गर्रकन फिरते. तेवढ्या स्पर्शातून दिव्यापुरते चार-दोन अँपिअर जातात. स्टार्टरला लागणारे शंभर-दीडशे जात नाहीत. मग चाकूने खुंट खरवडून, पांढरट-निळसर बुरशी सोड्याच्या गरम पाण्याने धुऊन, पकडीत पत्र्याची चिंचोळी पट्टी घालून नट आवळावा लागे.

दुसरा घोटाळा धन-ऋणाचा. ब्रिटिश मोटारींत साठीच्या दशकापर्यंत धन टोक सांगाड्याला जोडण्याची चाल होती, पुढे ती उलटली. त्यामुळे सवयीच्या हाताकडून तारांची अदलाबदल होणे फारसे नवलाचे नव्हते. डायनामोच्या गाडीत अशी चूक पुष्कळदा निस्तरता येई. अल्टरनेटर आल्यावर मात्र एका क्षणात त्याचे डायोड जळू लागले.

हँडलही लगोलग हद्दपार झाले नाही. सेल्फ असूनही पुष्कळ मोटारींच्या डिकीत ते जॅकशेजारी दीर्घकाळ पडून असे, आणि टर्मिनलची कैफियत न ऐकता त्यालाच हात घालणारे ड्रायव्हरही थोडे नव्हते.