बोनस, सिमेंट आणि एक खोली

दसऱ्याच्या सुमारास पाऊस ओसरतो, भिंती वाळू लागतात आणि उपनगरांतल्या हार्डवेअरच्या दुकानांपुढे रंगाचे डबे रचले जातात. दिवाळीच्या तोंडावर घराला रंग का काढायचा, याचे धार्मिक उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे. आर्थिक उत्तर सहसा कोणी सांगत नाही. पाऊस संपतो त्याच वेळी बोनस हातात पडतो.

अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली या पट्ट्यातल्या वसाहतींची माहिती जमवताना एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा दिसली. कमी पगारातल्या कुटुंबाचे घर एका दमात झालेले नाही. एका दिवाळीला फरशी, दुसऱ्या दिवाळीला ओटा, मुलीच्या लग्नाआधी माळा, असे ते हप्त्याहप्त्याने झाले. कोणत्या वर्षी काय होणार, हे तीन गोष्टींवर ठरत असे: हातात पैसा किती, बाजारात माल आहे का आणि भिंतीला हात लावायचा हक्क कोणाचा.

आधी पैशाचे पाहू. पहिल्या महायुद्धाच्या काळात मुंबईच्या गिरण्यांनी कामगारांना बोनस देणे सुरू केले आणि तो थांबताच १९२४ साली मोठा संप झाला. मालकाची मर्जी की कामगाराचा हक्क, हा वाद पुढे चाळीस वर्षे चालला. १९६५ च्या बोनस कायद्याने किमान ४ टक्के बोनस ठरवला आणि १९७२ मध्ये तो ८.३३ टक्के झाला. हा विचित्र आकडा म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा भाग, अर्थात एक महिन्याचा पगार. आणीबाणीत, १९७५ साली, तो पुन्हा ४ टक्क्यांवर आणला गेला आणि १९७७ मध्ये ८.३३ टक्के परत मिळाला. राजकीय इतिहासात हे एका ओळीचे प्रकरण आहे. घराच्या हिशेबात मात्र त्याचा अर्थ अर्धी फरशी असा होतो. ज्यांना बोनस नव्हता, म्हणजे दुकानातले नोकर, घरकाम करणाऱ्या बाया, फेरीवाले, त्यांच्यासाठी भिशी होती. भिशीचा नंबर दिवाळीच्या महिन्यात लागावा म्हणून बायका आधीपासून बोलून ठेवत.

एवढ्या पैशात सर्वांत आधी परवडे तो रंग. चुन्याची कळी रात्रभर भिजवायची, त्यात नीळ आणि थोडा डिंक घालायचा आणि घरच्यांनीच कुंचला मारायचा. भिंतीला पाठ टेकली की सदऱ्याला पांढरे लागे. त्यानंतर डिस्टेंपर आले. १९४२ साली मुंबईत चार मित्रांनी सुरू केलेल्या एशियन पेंट्सचा कारखाना १९५७ मध्ये भांडुपला उभा राहिला. त्याच वर्षी बृहन्मुंबईची हद्द दहिसर आणि मुलुंडपर्यंत वाढली. उपनगर आणि त्याच्या भिंतींचा रंग असे जवळजवळ बरोबरच वाढले.

रंग काढायला कोणाची परवानगी लागत नाही. भिंत हलवायची तर लागते. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. त्यामुळे मालकांनी दुरुस्तीवरचा हात आखडता घेतला. दुरुस्ती भाडेकरूच्या गळ्यात पडली. पण मालकाच्या लेखी संमतीवाचून कायमचे बांधकाम केले, तर त्याच कायद्याने त्याला बाहेर काढता येत होते. जुन्या चाळींतला लाकडी माळा, प्लायवूडचे पार्टिशन, खिळ्यावरचा पडदा यांना आपण हौस किंवा काटकसर समजतो. त्यामागे ही भीतीही होती. उद्या उचलून नेता येईल एवढेच करायचे. ओटा ‘कायमचे बांधकाम’ ठरतो का, यावर भाडेकरू आणि मालक कोर्टात भांडले. अखेर १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात स्पष्टीकरण आले: लाकडी पार्टिशन, स्वयंपाकाचा उभा ओटा, दार, जाळी, हवेसाठी खिडकी ही कामे, लागेल तिथे पालिकेची परवानगी घेऊन केली, तर कायमचे बांधकाम ठरत नाहीत. स्वयंपाकघरातल्या ओट्याला कायद्यात जागा मिळायला पन्नास वर्षे लागली.

तिसरी अडचण मालाची. सिमेंटची किंमत आणि वाटप दोन्ही सरकारच्या हातात होते. चार गोण्यांसाठी परमिट, अर्ज, ओळखपाळख, नाहीतर काळा बाजार. सिमेंटचे महत्त्व केवढे होते, ते महाराष्ट्राने १९८२ च्या जानेवारीत पाहिले. सिमेंट वाटपाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल विरोधात गेल्यावर मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी राजीनामा दिला. पुढच्याच महिन्यात केंद्राने सिमेंट अंशतः नियंत्रणमुक्त केले आणि १ मार्च १९८९ पासून ते पूर्ण खुले झाले. उपनगरांतल्या बैठ्या घरांवर स्लॅब कधी पडले, हे विचारत गेलो तर उत्तरे बहुतेक या वर्षांनंतरची येतात. त्याआधी डोक्यावर सिमेंटचे पत्रे आणि पायाखाली शहाबादी.

पैसा, माल आणि हक्क या तिन्ही गोष्टी एकदाच जुळून आल्या, त्या कांदिवलीच्या चारकोपला आणि बोरिवलीच्या गोराईला. जागतिक बँकेच्या कर्जातून १९८५ साली मुंबई नागरी विकास प्रकल्प सुरू झाला. त्यात म्हाडाने तयार घरे देण्याऐवजी रस्ते, पाणी, गटारे घातलेले छोटे भूखंड दिले. लहान भूखंड २५ चौरस मीटरच्या आसपास. त्यावर जोते आणि संडास-मोरीचा भाग. बाकीचे घर ज्याने त्याने जमेल तसे बांधायचे. चारकोपला साधारण ३५ कुटुंबांची एक सहकारी संस्था आणि मध्ये सामाईक अंगण. तिथल्या पत्त्यांत आजही ‘आरएससी’ आणि पुढे रस्त्याचा आकडा येतो.

या योजनेमागचा विचार नवा नव्हता. पेरूमधल्या झोपडवस्त्यांत काम केलेले इंग्रज वास्तुविशारद जॉन टर्नर १९७० च्या दशकात हेच मांडत होते: गरीब माणूस घर बांधू शकतो, फक्त ते एकदम बांधू शकत नाही. नवी मुंबईत बेलापूरला चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात सिडकोसाठी घरे अशी आखली, की शेजाऱ्याची भिंत सामाईक नको आणि प्रत्येकाला आपले घर वाढवता यावे.

चारकोप-गोराईच्या गल्लीतून फिरले की हा विचार विटांत वाचता येतो. खाली शहाबादी, जिन्याला मोझॅक, वरच्या मजल्यावर चकचकीत टाइल्स. एका घरात तीन दशकांचा बाजारभाव. अनेकांनी गवंड्यांची बिले प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवली आहेत. मला एका घरात मिळालेल्या वहीत रेती-विटांचा आणि फराळाच्या सामानाचा हिशेब एकाच पानावर आहे. हे घर मला कोणत्याही सरकारी अहवालापेक्षा जास्त सांगून गेले.

अहवालांनी मात्र ही योजना फार लवकर निकालात काढली. वस्त्या सावकाश भरल्या, म्हणून असे प्रकल्प अपयशी ठरवून जागतिक बँकेने त्यातून अंग काढून घेतले. २०१८ साली सुमिला गुल्याणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबई-चेन्नईच्या याच वस्त्या पुन्हा तपासल्या, तेव्हा वेगवेगळ्या उत्पन्नांची माणसे राहत असलेल्या, चांगल्या नांदत्या वस्त्या त्यांना दिसल्या. सावकाशपणा हा त्या घरांचा स्वभावच होता. दरम्यान धोरण बदलले होते. १९९५ पासून झोपडपट्टी पुनर्वसनात २२५ चौरस फुटांचे तयार, मोफत घर आले. डोक्यावर पक्के छप्पर, घरात संडास, नळ. या गोष्टी क्षुल्लक नाहीत. पण त्या घराला पुढची दिवाळी नाही. कुटुंब वाढले तरी भिंत वाढत नाही. राहते ते फक्त सजवणे: पलंगाखाली खण, दारामागे आरसा, छताला पीओपी.

आता चारकोप-गोराईच्या बैठ्या घरांनाही पुनर्विकासाचे वेध लागले आहेत. तिथल्या म्हाताऱ्यांना लिफ्ट हवी आहे, गळके स्लॅब नको आहेत. त्यांना जुनेपण जपायला सांगण्याचा मला अधिकार नाही. पण संस्थेच्या सभेत करार वाचला जाईल, तेव्हा कार्पेट एरियाबरोबर आणखी एक गोष्ट विचारावी: नातवाच्या संसाराला आणखी एक खोली लागली, तर ती कुठे काढायची? आजवर त्याचे उत्तर होते, ‘वर’. नव्या करारात ते उत्तर नसेल, तर त्याची किंमतही सौद्यात धरली पाहिजे. आणि घर रिकामे करताना ती बिलांची पिशवी रद्दीत टाकू नये. या उपनगराचा इतिहास लिहायला दुसरे दफ्तर नाही.