डोंगरीचा तुरुंग आणि आजची ‘पोस्ट’

समाजमाध्यमांवरचे खटले ही नव्या काळाची देणगी आहे, असे सरसकट बोलले जाते. खटल्यांचे कागद मात्र वेगळे सांगतात. दुसऱ्याकडून आलेला मजकूर खरा समजून पुढे दिला आणि तुरुंगात जावे लागले, असा आपल्याकडचा गाजलेला प्रसंग १८८२ सालचा आहे.

कोल्हापूरचे चौथे शिवाजी महाराज यांचा छळ होत असल्याच्या बातम्यांनी तेव्हा पुणे तापले होते. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ सुरू होऊन जेमतेम वर्ष झाले होते. कारभारी माधवराव बर्वे यांना गुंतवणारी काही पत्रे हाती आली आणि त्यांच्या आधारे मजकूर छापला गेला. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. पत्रे बनावट ठरली. टिळक-आगरकरांनी माफी मागितली, तरी चार महिन्यांची साधी कैद टळली नाही. (त्यांचा दहा हजारांचा जामीन दिला रामशेठ उरवणे यांनी, तोही महात्मा फुल्यांच्या सांगण्यावरून. पुढच्या वादांच्या धुरळ्यात हे विसरले जाते.) डोंगरीतल्या त्या १०१ दिवसांवर आगरकरांनी पुस्तकच लिहिले.

ज्या दंडसंहितेने त्यांना शिक्षा झाली, तिचे कलम ४९९ मजकूर रचणाऱ्याइतकेच तो प्रसिद्ध करणाऱ्यालाही धरते. प्रसिद्धी म्हणजे तरी काय? ज्याची बदनामी झाली त्याच्याखेरीज एका तिसऱ्या माणसापर्यंत मजकूर पोचला, की पुरे. त्यामुळे ‘आमचा घरचाच ग्रुप आहे’ हा बचाव फारसा टिकत नाही. ‘खरे तेच लिहिले’ एवढ्यानेही भागत नाही. ते लोकहिताचे होते, हेही दाखवावे लागते. १ जुलै २०२४ पासून हेच कलम भारतीय न्याय संहितेत ३५६ या क्रमांकाने आले आहे.

मधल्या काळात आणखी एक हत्यार आले आणि गेले. माहिती तंत्रज्ञान कायद्यातले कलम ६६अ. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर पाळल्या गेलेल्या बंदवर पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, तिच्या मैत्रिणीने त्या ‘लाइक’ केल्या. दोघींना अटक झाली. एकीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. पुढे प्रकरण मागे घेतले गेले, पण दवाखाना फुटायचा तो फुटलाच. २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवले. तरीही ठाण्याठाण्यांत त्याखाली गुन्हे नोंदले जातच राहिले, इतके की २०२२ मध्ये न्यायालयाला पुन्हा आदेश द्यावा लागला.

ग्रुपच्या ‘अ‍ॅडमिन’ना मात्र थोडा दिलासा आहे. सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी, समान हेतू दिसत नसेल तर, अ‍ॅडमिनला जबाबदार धरता येणार नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटले.

पुढे ढकलणाऱ्याला तो नाही. तमिळ अभिनेते आणि माजी आमदार एस. व्ही. शेखर यांनी २०१८ मध्ये महिला पत्रकारांबद्दलची एक हीन पोस्ट पुढे पाठवली. नंतर ती काढली, माफीही मागितली. डोळ्यांत औषध घातल्यामुळे मजकूर वाचताच आला नव्हता, असे त्यांच्या वतीने सर्वोच्च न्यायालयात सांगण्यात आले. ऑगस्ट २०२३ मध्ये न्यायालयाने खटला रद्द करण्यास नकार दिला.