लातूरच्या धुळीचा रंग

आजचा धागा पावणेनऊ सेंटिमीटर लांबीच्या एका मालवाघिणीविषयी आहे. वाघीण बार्शी लाईट रेल्वेची, प्रमाण १:८७, बांधणी प्लास्टिकच्या पत्र्याची. ती उभी करायला मला तीन महिने लागले आणि तिच्यावर कोणत्या रंगाची धूळ बसवायची हे ठरवायला त्याहून अधिक. त्या धुळीचा माग काढताना जो इतिहास हाती लागला, तो येथे मांडतो. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

आधी स्वतःविषयी थोडेसे. नांदेडला शाळेत असताना मी प्लास्टिकची विमाने जोडत असे. दहावीनंतर छंद सुटला, तो बावीस वर्षांनी परत आला. परतल्यावर लक्षात आले की हात फारसे विसरले नव्हते, मात्र छंदच पुष्कळ बदलला होता. पूर्वी सांधे नीट जुळले आणि रंग ओघळला नाही की काम संपे; आता ते तेथून सुरू होते. कोरी करकरीत प्रतिकृती अपुरी समजली जाते. तिच्यावर गंज, काजळी, तेलाचे ओघळ, चिखल, उन्हाने विटलेला रंग असे सारे चढवावे लागते. छंदातील मंडळी याला ‘वेदरिंग’ म्हणतात. मला त्यासाठी ‘मुरवणे’ हा आपला घरगुती शब्द जवळचा वाटतो, कारण यातही लोणच्यासारखा काळच पदार्थात उतरवायचा असतो.

मुरवण्याची ही कला फार जुनी नाही. इंग्लंडमध्ये जॉन अहर्न यांनी १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘मॅडर व्हॅली’ नावाची एक काल्पनिक छोटी रेल्वे घरात उभारायला घेतली. त्या काळी अशा रेल्वे चकचकीत खेळण्यांसारख्या असत. अहर्न यांच्या इमारती मात्र थकलेल्या आणि गाड्या मळलेल्या होत्या. ती रेल्वे आज ऑक्सफर्डशायरमधील पेंडन संग्रहालयात जपलेली आहे. रणगाड्यांच्या छंदात हे वळण पुढे १९७० च्या दशकात आले. अमेरिकेत शेपर्ड पेन, मग बेल्जियमचे फ्रान्स्वा व्हर्लिंडन आणि या शतकाच्या आरंभी स्पेनमधील कारागिरांची एक पिढी, असा त्याचा प्रवास सांगता येतो. फटींत पातळ गडद रंग सोडणे, जवळजवळ कोरड्या ब्रशने कडा उजळणे, दोन रंगांच्या मध्ये केसांचा स्प्रे मारून वरचा थर पाण्याने खरवडणे, कोरडी रंगपूड चोळणे या युक्त्या याच प्रवासात रूढ झाल्या.

तंत्र त्यांचे, म्हणून मातीही त्यांचीच. रंगपुडीच्या बाटल्यांवर ‘युरोपची धूळ’, ‘रशियाची माती’ अशी नावे छापलेली असतात. मीही एक तशी बाटली मागवली, चित्रफितीत दाखवल्याप्रमाणे वाघिणीच्या खालच्या अंगाला ओलसर तांबूस-तपकिरी चिखल चढवला आणि मोठ्या अभिमानाने लातूरच्या मामांकडे नेली. मामांनी अर्धे आयुष्य ही गाडी दारावरून जाताना पाहिलेली. त्यांनी वाघीण उलटीपालटी करून पाहिली, बांधणीचे कौतुक केले आणि विचारले, “पण ही माती कुठल्या गावची रे?”

या प्रश्नाचे उत्तर द्यायचे तर आधी गाडी कोणाची आणि कोठून कोठे जाणारी, हे सांगायला हवे.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज अभियंता १८८२ मध्ये जी.आय.पी. रेल्वेच्या नोकरीत भारतात आला. मुंबई–मद्रास मार्गावर बार्शी रोड हे स्थानक होते, तेच पुढचे कुर्डुवाडी. बार्शी गाव तेथून सुमारे २१ मैल दूर, आणि बार्शीच्या पेठेतला माल बैलगाड्यांनी स्थानकापर्यंत येई. या वाटेवर हलकी, स्वस्त रेल्वे टाकावी हे कॅलथ्रॉपच्या मनाने घेतले. १८९५ मध्ये कंपनी स्थापन झाली, १८९७ मध्ये गाडी धावू लागली.

या रेल्वेचे मर्म तिच्या रुळात आहे. रूळ यार्डाला केवळ ३० पौंड वजनाचा. असा रूळ पेलेल इतकाच भार प्रत्येक आसावर पडावा म्हणून कॅलथ्रॉपने सर्व गाड्यांना एकच मर्यादा घातली: आसामागे पाच टन. इंजिनालाही त्यातून सूट नव्हती. म्हणून लीड्सच्या किटसन कारखान्याने बांधलेल्या पहिल्या इंजिनांना भार वाटून घेण्यासाठी एकापाठोपाठ एक चाकेच चाके दिली: आठ जोडचाके आणि मागे आणखी चार. वाघिणी दाबून आकार दिलेल्या पोलादी पत्र्याच्या, २५ फूट लांब आणि ७ फूट रुंद. रुळांतले अंतर मात्र अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. डबा रुळांच्या जवळजवळ तिप्पट रुंद! समोरून पाहिले तर बारीक पायांवर पोते ठेवल्यासारखी ही गाडी दिसे. भारतात पाठवण्यापूर्वी लीड्सजवळ न्यूले येथे खास मार्ग टाकून तिची चाचणी घेतली गेली आणि जगभरच्या हलक्या रेल्वेंना तो एक नमुनाच मिळाला.

पुढे मार्ग वाढत गेला. १९०६ मध्ये तो पंढरपूरला पोहोचला. १९११ मध्ये दुसरे टोक निजामाच्या मुलखात शिरून लातूरला आले. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातले व्यापारी गाव. कापूस आणि तेलबिया येथून बाहेर जाऊ लागल्या. गंजगोलाईच्या पेठेची भरभराट या रुळांशिवाय समजत नाही, असे माझे मत आहे. १९२७ मध्ये मार्ग मिरजेला भिडला आणि सारी लांबी २०२ मैल झाली. कॅलथ्रॉप त्याच वर्षी वारला. मधल्या काळात या गृहस्थाने वैमानिकांसाठी ‘गार्डियन एंजल’ नावाची हवाई छत्री तयार केली होती आणि अरबी घोड्यांवर पुस्तकही लिहिले होते. तो एका वेगळ्या धाग्याचा विषय आहे.

१९५४ मध्ये सरकारने रेल्वे विकत घेतली. लातूरकडचा मार्ग २००७–०८ मध्ये रुंद झाला आणि नव्या आखणीत उस्मानाबाद प्रथमच मार्गावर आले. २०१० पर्यंत मिरजेकडची बाजूही बदलली. आमच्या नांदेडची मीटरगेज त्याआधीच, १९९० च्या दशकात गेली होती.

येथे इंग्लंडमधील एक तुलना सांगण्याजोगी आहे. याच कॅलथ्रॉपने स्टॅफर्डशायरमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड नावाची तशीच अडीच फुटी रेल्वे उभारली. ती १९०४ ते १९३४ अशी जेमतेम तीस वर्षे चालली. तरी तिकडच्या छांदिष्टांनी ती शेकडो वेळा पुन्हा बांधली आहे. तिचे डबे फिकट पिवळे होते हे तिथला नवखाही सांगेल. शंभराहून अधिक वर्षे धावलेल्या थोरल्या बहिणीच्या वाट्याला हे भाग्य फारसे आले नाही. आपल्याकडे या छंदाची परंपरा अगदी नाही असे नाही. पुण्यात भाऊ जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून उभे आहे आणि ते पाहून कित्येक मुले रेल्वेवेडी झाली. पण बार्शी लाईटची वाघीण हवी असेल तर खोक्यात मिळत नाही, पत्रा कापूनच करावी लागते.

करताना पहिला तंटा प्रमाणाचा. १:८७ मध्ये ७६२ मिलिमीटरचे होतात ८.७६. बाजारात ९ मिलिमीटरचा तयार रूळ मिळतो, म्हणजे प्रत्यक्षात ७८३. एकवीस मिलिमीटरची ही चूक मी पदरात घेतली. इंग्लंडमध्ये लोकप्रिय असलेल्या १:७६ मध्ये तोच रूळ ६८४ चा होतो. ती चूक मात्र डोळ्यांत खुपते. दिवाळीच्या किल्ल्यावर दरवाजाहून उंच मावळा उभा करणाऱ्या आपल्या परंपरेत हा काटेकोरपणा हास्यास्पद वाटेल खरा, पण मुरवताना त्याची गरज कळते. प्रतिकृतीवर एक मिलिमीटरचा रंगाचा टवका उडवला तर तो प्रत्यक्षात जवळजवळ नऊ सेंटिमीटरचा ठरतो. म्हणून गंजाचे ठिपके ब्रशने नव्हे, स्पंजाच्या कडेने टिपावे लागतात.

आता मामांचा प्रश्न. कृष्णधवल छायाचित्रांत वाघिणीचा आकार मिळतो, रिव्हेटही मोजता येतात. धुळीचा रंग मात्र मिळत नाही. तो जमिनीलाच विचारावा लागतो. लातूर आणि नांदेडची काळी माती पावसात काळीकुट्ट आणि चिकट असते, वाळली की राखेरी होते आणि वाऱ्यावर उडते तेव्हा तर फिकट करडीच दिसते. ओला आणि कोरडा रंग एकच धरणे ही माझी पहिली चूक. शिवाय गाडी येडशीजवळ बालाघाटाच्या डोंगरातून येई, तेथली जमीन मुरमाड. म्हणजे खाली चाकांपाशी मुरमाचा पिवळसर-तांबूस हात आणि त्यावर छतापर्यंत करडी धूळ, असा थर लागतो. आता मी शेताच्या बांधावरची माती आणतो, वाळवतो, खलबत्त्यात कुटून मलमलीच्या कापडातून दोनदा गाळतो. पुडीची बाटली कपाटात पडून आहे.

गंजाचेही तसेच. समुद्राच्या खाऱ्या हवेत लोखंड सोलवटून निघते. मराठवाड्याच्या कोरड्या उन्हात गंज सावकाश, पातळ आणि गडद चढतो. येथे रंगाचा खरा शत्रू ऊन आहे. त्यामुळे दक्षिणेकडची बाजू अधिक विटलेली दाखवायला हवी, असे मी गृहीत धरले होते. मग लक्षात आले की वाघीण वळते, फिरते, उलटी जोडली जाते. विटायचे ते छत, आणि तेच सर्वांत जास्त.

इंजिनावर आणखी एक खूण हवी: पाण्याची. दख्खनच्या काळ्या दगडातले विहिरीचे पाणी बहुधा जड, क्षारांचे. असे पाणी बाष्पकात उकळले की सांध्यांतून, झडपेपाशी जेथे जेथे झिरपेल तेथे पांढरे ओघळ उमटतात. आपल्या घरच्या हिटरवर बसतो तोच हा क्षार. युरोपच्या चित्रफितींत इंजिनावर काळे तेल पुष्कळ दिसते, हा पांढरा रंग फार थोडे लोक दाखवतात. माझ्या मते लातूरच्या इंजिनावर तो नसेल तर इंजिन लातूरचे नव्हे.

आणि माणसे. ही रेल्वे पंढरपूरची होती. आषाढी-कार्तिकीला प्रवासी इतके की मालडब्यांतूनही वारकरी जात. दाराजवळची दांडी हजारो तळव्यांनी घासून चकाकणार. तेथे पेन्सिलीचे शिसे बोटाने चोळले की नेमका तो झळाळ येतो. खिडक्यांखाली पानाच्या पिचकाऱ्या, त्याही दाखवायच्या, लाज कसली. खंडेनवमीला यंत्रांची पूजा होते, तेव्हा इंजिनाच्या पुढच्या आडव्या पट्टीवर हळदीकुंकवाची बोटे उमटतात आणि पुढे कित्येक आठवडे काजळीखाली पुसट दिसत राहतात. ती पाच बोटे काढताना १:८७ च्या प्रमाणात माझा हात सर्वांत जास्त थरथरला.

दुसऱ्या खेपेला मामांनी वाघीण खिडकीजवळ उजेडात धरली. गाव विचारले नाही. फक्त छत जरा जास्तच स्वच्छ आहे म्हणाले. ते मी दुरुस्त केले आहे.

या मार्गावरची आणखी एक गाडी आता करायला घेतो आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण आटले, लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली. तेल वाहणाऱ्या टाक्यांच्या वाघिणी कोटा येथील कारखान्यात वाफेने धुऊन मिरजेला आणल्या गेल्या. ११ एप्रिलला मिरजेहून दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी निघाले आणि पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी करीत १२ एप्रिलला लातूरला पोहोचले. ३४२ किलोमीटर, रूळ नवे आणि रुंद, वाट बरीचशी कॅलथ्रॉपच्या रेल्वेचीच. ज्या वाटेने शंभर वर्षे कापूस बाहेर गेला, त्याच वाटेने पिण्याचे पाणी आत आले.

त्या टाक्यांच्या झाकणापासून खाली उतरणारे ओघळ कसे रंगवावेत? तेलाचे जुने काळे, की त्यांवरून सांडलेल्या पाण्याने धूळ धुतली जाऊन उरलेल्या उजळ रेषा? मामांना विचारले. त्या पहाटे ते घागरी घेऊन टँकरच्या रांगेत उभे होते, त्यामुळे स्थानकावर गाडी पाहायला त्यांना जाता आले नाही.