ब्रॉकटन, २० मार्च १९०५ : आठच्या आत

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, बॉस्टनच्या दक्षिणेला ब्रॉकटन नावाचं शहर आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतले असंख्य लोक याच गावचे बूट घालत. तिथल्या आर. बी. ग्रोव्हर अँड कंपनीच्या कारखान्यात एका सोमवारी सकाळी काही मिनिटांत सारं संपलं. मशीन मोडलं की मग आपण क्लेमचा फॉर्म हातात घेतो, पण त्यातला निम्मा मजकूर आधीच्या काही महिन्यांत आणि शेवटच्या काही मिनिटांत ठरून गेलेला असतो. ब्रॉकटनची ती सकाळ त्यासाठी पुन्हा वाचायला हवी.

काही महिने आधी

कारखान्यातला जुना बॉयलर तपासून झाला आहे. विमा कंपनीच्या तपासनिसाला दोष सापडलेला नाही. त्याने कामात कसूर केली, असं मला वाटत नाही. त्या काळी बॉयलर बनवताना पत्रा गोल वाकवत, दोन्ही कडा एकमेकींवर चढवत आणि रिव्हेट ठोकून जोडत. हा लॅप सीम. कडा अशा चढल्या की पिंप पुरतं गोल राहत नाही. वाफेचा दाब वाढला की तो पत्र्याला गोल करू पाहतो, दाब उतरला की पत्रा मागे येतो. रोज पेटवायचा, रोज विझवायचा, आणि दर वेळी रिव्हेटच्या ओळीलगत पत्रा केसभर वाकायचा. तार वाकवून वाकवून तुटते तशी तिथे चीर पडते. पडते तीही दोन पत्र्यांच्या मधे, झाकलेल्या बाजूला. बाहेरून पाहिलं तरी दिसत नाही, आत उतरून पाहिलं तरी दिसत नाही. तपासणीच्या कागदावर सही झाली ती नजर पोहोचली तेवढ्या भागासाठी.

सोमवार, भल्या सकाळी

रोज चालणारा नवा बॉयलर देखभालीसाठी बंद आहे. म्हणून जुना, स्टँडबाय बॉयलर पेटवला जातो. मुख्य इंजिनिअरला तो वापरायला फारसं आवडत नसे, असं पुढे सांगितलं गेलं. पण थंडीचे दिवस आहेत, चार मजली लाकडी इमारत गरम ठेवायची आहे आणि यंत्रंही चालली पाहिजेत.

भोंग्यानंतर

शेकडो कामगार आपापल्या जागी आहेत. त्यांत बायाही बऱ्याच. रेडिएटर नेहमीपेक्षा जोरात शिट्ट्या मारू लागतात. व्यवस्थापक बॉयलरखान्यात विचारणा करतो. सगळं ठीक आहे, असं उत्तर इंजिनिअरकडून येतं.

या क्षणावर मी सगळ्यात जास्त वेळ थांबतो. इंजिनिअर खोटं बोलला असं मानायला आधार नाही. दाबाचा काटा दाब दाखवतो, पत्र्यातली चीर दाखवत नाही. तरी आवाज बदलला आहे हे कोणाच्या तरी कानावर पडलं, त्याने विचारलंही, आणि बॉयलर चालूच राहिला.

आठला सुमारे दहा कमी

सीम फाटते. बॉयलरमधलं पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या वर तापलेलं असूनही उकळत नसतं. पिंप फाटून दाब उतरला की त्यातलं काही पाणी त्याच क्षणी वाफ होतं, आणि वाफ पाण्याच्या सुमारे सोळाशे पट जागा मागते. तो प्रचंड लोखंडी सांगाडा मजल्यामागून मजला फोडत छतातून बाहेर पडतो आणि शेजारच्या वस्तीत जाऊन आदळतो. जाताना छतावरच्या पाण्याच्या टाकीचा आधार जातो आणि टाकी खिळखिळ्या झालेल्या इमारतीवर कोसळते. मजले एकावर एक बसतात. जड यंत्रं आणि तुळयांखाली माणसं अडकतात, जिवंत.

पुढची मिनिटं

निखारे विखुरतात, गॅसच्या नळ्या फुटतात, लाकूड पेट घेतं. आजूबाजूचे लोक धावून येतात, हाती येईल त्याने तुळया उचलू पाहतात, पण आग त्यांना मागे हटवते.

इमारत आधी पडली, की आधी पेटली? विम्याच्या दृष्टीने हा प्रश्न क्रूर वाटावा इतका महत्त्वाचा होता. न्यूयॉर्कच्या १८८६च्या प्रमाणित आगविमा पॉलिसीत कलमच होतं: आगीशिवाय दुसऱ्या कारणाने इमारत किंवा तिचा भाग पडला, तर विमा तिथेच संपला. म्हणजे अशी पॉलिसी असेल, तर दोन घटनांमधल्या काही सेकंदांवर सगळी भरपाई अडू शकत असे.

त्या दिवसानंतर

५८ माणसं गेली, सुमारे दीडशे जखमी झाली. मुख्य इंजिनिअरही गेला. अनेक मृतदेहांची ओळख पटली नाही. त्यांचं एकत्र दफन झालं. मॅसॅच्युसेट्समध्ये कामगार भरपाईचा कायदा १९११ साली झाला. त्यामुळे १९०५च्या या विधवांना आणि मुलांना तो लागू नव्हता; गावाने त्यांच्यासाठी मदतनिधी जमवला.

ब्रॉकटननंतर पुढच्याच वर्षी, १९०६च्या डिसेंबरात, त्याच राज्यातल्या लिन गावी आणखी एका बुटांच्या कारखान्यात बॉयलर फुटला. मग १९०७ साली राज्याने बॉयलरचा कायदा केला. त्या वाटेने अमेरिकन सोसायटी ऑफ मेकॅनिकल इंजिनिअर्सची बॉयलर संहिता आली. पहिली आवृत्ती १९१४ची. बॉयलरचा विमा मात्र १८६६पासून हार्टफर्डमध्ये विकला जात होता, तपासणीसकट. विमा चाळीस वर्षं आधी आला होता, तरी घातक जोड कारखान्यांत राहिलाच. कारण ‘असा जोड वापरूच नका’ असं सगळ्यांना बजावणारा नियम नव्हता.

आपल्याकडे कोलकात्यात १८६३ साली बॉयलर फुटून माणसं मेली आणि पुढच्याच वर्षी बंगालने तपासणीचा कायदा केला. नंतर देशभरासाठी आलेला १९२३चा बॉयलर कायदा पुढे शंभर वर्षं चालला, आता त्याच्या जागी २०२५चा आला आहे. साखर कारखाने, इचलकरंजीचे सायझिंग, भातगिरण्या या सगळ्यांना बॉयलर लागतो. तरी आगविम्याच्या पॉलिसीत ‘स्फोट’ हा शब्द दिसला की बॉयलरही त्यात आला, असं कितीतरी मालक धरून चालतात. तो त्यात येत नाही. बॉयलरच्या स्वतःच्या स्फोटाने त्या बॉयलरचं झालेलं नुकसान प्रमाणित आगविम्यातून वगळलेलं आहे. त्यासाठी बॉयलर अँड प्रेशर प्लांट पॉलिसी वेगळी घ्यावी लागते. त्यातही विमा रक्कम आजच्या नव्या बॉयलरच्या किमतीवर धरावी लागते, नाहीतर क्लेम त्या प्रमाणात कापला जातो.

तुमच्या कारखान्यात कोपऱ्यात एखादा जुना बॉयलर ‘असू दे, कधी लागला तर’ म्हणून ठेवला असेल, तर पॉलिसीच्या यादीत तो आहे का, हे याच आठवड्यात पाहा. पुढच्या शटडाऊनला तो पेटवण्याआधी त्याची हायड्रॉलिक टेस्ट आणि जोडांची अल्ट्रासॉनिक तपासणी करून घ्या. आणि बॉयलर अटेंडंटला स्पष्ट सांगून ठेवा, की आवाज वेगळा आला तर लॉगबुकात वेळ लिही आणि कोणाला न विचारता आग काढ.