दिनविशेष : १४ फेब्रुवारी – बालरुग्णांचे आश्रयस्थान
इ. स. १८५२ मध्ये आजच्याच दिवशी, डॉ. चार्ल्स वेस्ट यांच्या अविश्रांत खटपटीने, लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटवरील एका जुन्या हवेलीत अवघ्या १० खाटांचे बालरुग्णालय सुरू झाले. पुढे निधीची चणचण भासू लागली, तेव्हा १८५८ मध्ये चार्ल्स डिकन्स यांनी भाषण व स्वतःच्या कथेचे जाहीर वाचन करून द्रव्यसाहाय्य मिळवून दिले. आणि १९२९ मध्ये नाटककार जे. एम. बॅरी यांनी 'पीटर पॅन'चे हक्कच या संस्थेस बहाल केले. साहित्यिकांच्या दातृत्वावर इतके पोसलेले रुग्णालय विरळाच!

योगायोग असा की, त्याच १९२९ साली मुंबईत परळ येथे बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय स्थापन झाले. पित्याच्या, म्हणजे नवरोसजी वाडियांच्या नावाने १९२६ मध्ये प्रसूतिगृह उभारणाऱ्या सर कुसरो व सर नेस या गिरणीमालक बंधूंनी मातोश्रींच्या नावाने केलेली ही तजवीज गिरणी कामगारांच्या वस्तीलगतच होती. आणि त्या काळी मालवण बंदरातून आगबोटीने पोटापाण्यासाठी मुंबई गाठणाऱ्या, तळकोकणातल्या धामापूर-काळसे परिसरातील चाकरमान्यांची बिऱ्हाडेही बहुधा याच गिरणगावातील चाळींत असल्याने, तळकोकणाच्या दृष्टीने लंडनपेक्षा परळचेच महत्त्व अधिक.