बाहेरकाठ्याचें मोल

पेण आणि रोहें या तालुक्यांत भरतीचें पाणी भोगावती, अंबा व कुंडलिका या नद्यांवाटे पुष्कळ आंतपर्यंत शिरतें. या पाण्यास मातीचा बांध घालून मागची जमीन भातशेतीखालीं आणावयाची, हा येथील लोकांचा पिढीजात उद्योग होय. अशा जमिनीस खार म्हणतात, व भरतीच्या तोंडाशीं उभ्या असलेल्या तिच्या बांधास बाहेरकाठा. या बांधास एक खांड पडली कीं सारें शेत खारट होतें, आणि तो खारटपणा धुऊन निघण्यास पुढचे पावसाळे खर्चीं पडतात.

आज खाडीकाठीं बांधकाम करावयाचें तर परवानगी काढावी लागते आणि तिचें शुल्कही भरावें लागतें. खारीच्या बाबतींत पूर्वींची रीत निराळी होती. बांधणारा नवी जमीन निर्माण करी व तीमुळें पुढें सरकारचा सारा वाढे. म्हणून त्याच्याकडून प्रारंभीं कांहीं घेण्याऐवजीं त्यास सवलतच मिळे. १९२१ सालच्या मुंबई जमीनमहसूल नियमांप्रमाणें अशा पट्ट्यावर पहिलीं १० वर्षें खंड माफ असे. पुढचीं २० वर्षें, जमीन लागवडीस आलेली असो वा नसो, सबंध क्षेत्रावर एकरीं ४ आणे पडत. काम नेटानें न चालविल्यास पट्टा रद्द होऊं शके.

याहून जुनी वहिवाट शिलोत्रीची. पेण भागांत स्वखर्चानें बांध घालणाऱ्यास शिलोत्रदार म्हणत. कुळांकडून तो बिघ्यामागें मणभर धान्य घेई. यालाच शिलोत्री मण हें नांव होतें. हा मण बाहेरकाठ्याच्या दुरुस्तीसाठीं होता. म्हणजे वसुलीचा अधिकार व बांध राखण्याचें कर्तव्य हीं एकाच हातीं होतीं. मण घ्यावयाचा आणि खांड तशीच ठेवावयाची, तर त्या मणास आधार कोणता उरला?

१९४८ सालीं मुंबई सरकारनें खारजमिनींसाठीं स्वतंत्र कायदा करून त्याखालीं मंडळ नेमलें. १९५५ च्या कायद्यानें कुलाबा जिल्ह्यांतील, म्हणजे आजच्या रायगडांतील, शिलोत्री हक्क रद्द झाले. १९७९ सालीं महाराष्ट्राचा खारभूमि विकास कायदा आला.

शिलोत्रदाराचा हक्क गेला. परंतु भरती दररोज दोनदां येतच आहे, आणि बांध राखण्याचें कर्तव्य कोणाच्या तरी माथीं राहणारच. पाण्याकाठीं जो कोणी जें कांहीं वसूल करील, त्याची योग्यता अखेर बाहेरकाठ्यावर जाऊनच पाहावी लागेल.