रातची लाईन

यंदाच्या दिवाळीत मेहकरजवळच्या आमच्या गावी, आईच्या ओट्यावरच्या दिव्याला मोबाइलवर चालणारा स्विच बसवायला घेतला. मला यातलं काहीच येत नव्हतं. पहिला दिवस तो वायफायला जोडण्यातच गेला. राऊटरची दोन नावं दिसत होती. मी ५ गिगाहर्ट्झचं निवडत होते आणि स्विचला फक्त २.४ चं कळत होतं. दुसऱ्या दिवशी वायरमन काकांनी बोर्ड उघडला.

"ताई, यात न्यूट्रलच नाही. फेज येते अन् दिव्याकडे जाते, बस."

साध्या बटणाला न्यूट्रल लागत नाही, म्हणून जुन्या घरांत ती तार वरच्या वर दिव्याला नेलेली असते. या स्विचला मात्र दिवा बंद असतानाही जागं राहायचं असतं. काकांनी पलीकडच्या खोलीतल्या प्लगवरून तार ओढली आणि म्हणाले, "तुमच्या बाबांच्या विहिरीवर असंच एक मी बसवलं होतं."

खरंच होतं ते. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात गावोगाव हेच झालं असणार: लांबून सांगितलेलं ऐकणारं पहिलं यंत्र घरात नाही, विहिरीवर आलं.

१९६० साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ झालं आणि पुढच्या काही दशकांत विहिरीवरची मोट जाऊन मोटर आली. बैलांचे कष्ट वाचले, पण पाणी द्यायची वेळ शेतकऱ्याच्या हातातून गेली. मोट आपण जुंपू तेव्हा चालायची. मोटर लाईन आली तरच. शेतीची थ्री-फेज लाईन आळीपाळीने मिळू लागली, दिवसा ८ तास किंवा रात्री १० तास. २००५ साली मंडळाचं विभाजन होऊन महावितरण आली, त्या सुमारास भारनियमनही कडक होतं. गव्हाला पाणी द्यायचे दिवस ऐन थंडीचे. बाबा डोक्याला मफलर बांधून, एका हातात बॅटरी, एका हातात काठी घेऊन निघायचे. ओल्या बांधावर साप-विंचवाचं भय. विहिरीवर पोचावं तर लाईन गेलेली. परत यावं, अंग टेकावं, तर कुणीतरी हाक मारायचं, "लाईन आली!"

मोटरच्या खोलीत स्टार्टरच्या पत्र्याच्या पेटीच्या दारावर आतून बाबांनी पेन्सिलीने दिवस मांडले होते: कोणत्या रात्री कोणते वाफे भिजले, कुठे पाणी अर्ध्यावर राहिलं. काही आकडे ओल्या बोटांनी पुसट झालेले. त्या पेटीइतका खरा आमच्या शेतीचा इतिहास दुसरीकडे कुठे लिहिलेला नाही.

यावर पहिला उतारा ऑटोस्विचचा. लाईन आली की मोटर आपोआप सुरू. त्याने माणसाची झोप वाचली, पण लाईन येताच फीडरवरच्या सगळ्या मोटरी एकदम उठायच्या आणि सगळा भार डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, यायचा. आमच्याकडे एका हिवाळ्यात डीपी जळाली आणि गहू सुकला. ऑटोस्विच काढा, कॅपॅसिटर बसवा, असं महावितरण सांगतच असते. ते बरोबर आहे. पण रात्री उठणारा माणूस ते ऐकणार कसा?

मग मोबाइल स्टार्टर आला. पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांच्या 'नॅनो गणेश'ला २००९ साली नोकियाचं आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळालं होतं. आजोबांना पंपापर्यंत जाताना होणारा त्रास त्यांनी पाहिला होता. पुढे तशी यंत्रं आमच्याकडेही आली. बाबांनी घेतलं तेव्हा त्यात एक जुनं सिमकार्ड घातलं होतं. फोन लावला की लाईन आहे की नाही ते कळे, मग बटण दाबायचं. पहिल्या रात्री बाबांनी अंथरुणात बसून मोटर सुरू केली आणि तरीही पाणी पडतंय का ते बघायला विहिरीवर जाऊन आले.

आता भावाच्या शेतात सौरपंप आहे, पाणी दिवसा देतात. बाबा नाहीत. पेटी आहे.

काकांनी बोर्ड बंद केला आणि विचारलं, "लाईन जाऊन परत आली तर हा चालू होईल का बंदच राहील?" ऑटोस्विच बसवताना त्यांनी बाबांनाही हेच विचारलं असेल. अ‍ॅपमध्ये तशी सोय होती. मी आईकडे पाहिलं.

"चालू ठेव," आई म्हणाली. "रातच्याला वावरातून कोणी येत असलं तर ओटा दिसला पाहिजे."